महात्मा जोतीराव फुले आणि गावचा शिक्षक

जोतीराव गोविंदराव फुले यांचा जन्म १८२७ साली झाला. आई लहानपणीच निवर्तली. थोडेसे शिक्षण होते न होते तोच पित्याने त्यांस शाळेतून काढून मळ्याच्या कामास लावले. गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेब या दोन सज्जनांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणूनच १८४१ साली ते पुण्याच्या मिशन शाळेत पुन्हा दाखल झाले. शिक्षण हातचे कसे निसटते, हे त्यांनी असे स्वतः अनुभवले होते.

१८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. रस्त्याने जाता-येता अंगावर शेणमाती पडे. तरी त्यांनी शाळा सोडली नाही. १८५२ साली मुलींची जाहीर परीक्षा झाली, आणि त्याच वर्षी सरकारने विश्रामबागवाड्यात जोतीरावांचा सत्कार केला. शिक्षकाची तळमळ विद्यार्थ्यांच्या यशात कशी उतरते, याचे हे प्रत्यक्ष उदाहरण होय.

परंतु आपण उभयतांनी केला तो त्याग प्रत्येक पंतोजीने करावा, असा आग्रह जोतीरावांनी धरला नाही. येथेच त्यांचे मोठेपण दिसते. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी खेड्यातील शिक्षकाची दशा स्पष्ट मांडली: बहुतेक जण अप्रशिक्षित, आणि पगार क्वचितच दहा रुपयांच्या वर. त्यावर त्यांनी उपायही सुचविले. शिक्षक प्रशिक्षित असावा. पगार किमान बारा रुपये व मोठ्या गावी पंधरा ते वीस असावा. गावचे हिशेब तपासणे, टपाल किंवा दस्तनोंदणी अशी कामे सोपवून त्याची गावातील प्रतिष्ठा वाढवावी. शाळेची तपासणी वर्षातून एकदा न होता दर तिमाहीस व्हावी, मधूनमधून पूर्वसूचनेवाचूनही व्हावी. ज्याचे पुष्कळ विद्यार्थी उत्तीर्ण होतील त्यास पगाराव्यतिरिक्त खास भत्ता मिळावा.

हा भत्ता पगाराऐवजी नव्हे, पगारावर होता, हे ध्यानी घेण्याजोगे आहे. इंग्लंडात १८६२ पासून शाळांचे अनुदान परीक्षेच्या निकालावर बांधले गेले. तेव्हा घोकंपट्टी वाढली, आणि शतक संपण्यापूर्वी ती पद्धत सोडावी लागली. भुकेची धास्ती घालून उत्साह निर्माण होत नाही. आधी पोट व मान सुरक्षित, मग कौतुक, असा जोतीरावांचा क्रम होता.

आपला कामठा त्या काळी मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात होता, आणि जोतीरावांचे निवेदन मुंबई इलाख्याविषयी होते. तथापि त्या विचारास इलाख्याची सीमा नाही.

१८८८ साली मुंबईत जनतेने त्यांस महात्मा ही पदवी अर्पण केली. पुढे पक्षाघाताने उजवा हात निकामी झाला, तेव्हा डाव्या हाताने त्यांनी ग्रंथलेखन पुरे केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले.

निकाल लागताच शिक्षकास नावे ठेवणे सोपे असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत आपल्या गावची मुले ज्याच्या हाती आपण सोपवितो, त्याची आपण वर्षभरात किती वेळा विचारपूस केली? त्याच्या शाळेत किती वेळा जाऊन बसलो? त्याच्या वाट्यास शिकविण्याखेरीज काय काय येते, हे कधी पाहिले? जोतीरावांच्या प्रतिमेस हार घालण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने हे प्रश्न स्वतःस विचारावेत, हीच त्या महात्म्यास खरी आदरांजली होय.