न पाहिलेलं घर : भा. रा. तांबे यांची गोष्ट

या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी, म्हणजे ग्वाल्हेरला होते. बाबांच्या नोकरीमुळे आम्ही वसईकर गेली अकरा वर्षं इथले झालो आहोत. ताईचं लग्न ठरलंय, त्यामुळे सुट्टीचा अर्धा वेळ लष्कर भागातल्या टोपी बाजारात पिशव्या सांभाळण्यात गेला. आई दुकानदाराशी हिंदीत भाव करणार, मध्येच ताईला मराठीत रंग विचारणार, आणि ताई सगळ्याला हो म्हणणार. एरवी ती कधीच सगळ्याला हो म्हणत नाही. रात्री तिने मला सांगितलं की तिला भीती वाटते. मुलगा चांगला आहे, सहा महिने मोबाईलच्या पडद्यावर रोज बोलणं होतंय. पण घर परदेशात, आणि ते तिने पाहिलेलं नाही.

त्याच आठवड्यात मी अभ्यासक्रमासाठी क्यूपिड आणि सायकीची गोष्ट वाचत होते. दुसऱ्या शतकातल्या अपुलेयस या लॅटिन लेखकाच्या ‘सोनेरी गाढव’ या कादंबरीत ती मधोमध येते. सायकी ही राजाची धाकटी मुलगी. तिच्या रूपामुळे लोक व्हीनस देवीला विसरतात, आणि देवी चिडते. मग देववाणी होते, की मुलीला नवरीसारखी सजवा आणि कड्यावर सोडून या, तिचा नवरा माणूस नसून एक भयंकर प्राणी असेल. वरात निघते ती अंत्ययात्रेसारखी. पण वारा तिला अलगद उचलून एका सुंदर महालात नेतो. तिथे नवरा फक्त अंधारात येतो आणि उजाडायच्या आत जातो. माझा चेहरा पाहायचा नाही, एवढीच त्याची अट.

खरं सांगते, पहिल्या वाचनात मला रागच आला. ही कसली प्रेमकथा? पण ‘सायकी’ या ग्रीक शब्दाचा अर्थ आत्मा, हे कळल्यावर मी थांबले. सजवलेली, घाबरलेली, न पाहिलेल्या घरी निघालेली नवरी, म्हणजेच आत्मा. ही नवरी तर मी मराठीत आधीच भेटले होते. आणि तिचा कवी आमच्याच गावचा.

भास्कर रामचंद्र तांबे यांचा जन्म १८७३ साली ग्वाल्हेर संस्थानातल्या मुंगावली इथे झाला. शिक्षण झाशी आणि देवासला. म्हणजे घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी-उर्दू, आमच्यासारखंच. १८९३ मध्ये अलाहाबाद विद्यापीठाची प्रवेश परीक्षा ते पास झाले आणि पुढे शिकायला आग्र्याला गेले. पण पैशाची अडचण आली आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. आपण ज्यांच्या कवितांवर पेपर लिहितो त्यांच्याकडे पदवी नव्हती, हे परीक्षेच्या दिवसांत आठवायला बरं असतं.

मग सुरू झाली संस्थानांची नोकरी. देवासला ते युवराजांचे शिक्षक झाले. पुढे मध्य भारतातल्या वेगवेगळ्या संस्थानांत त्यांनी निरनिराळी कामं केली, अगदी पोलिस खात्यातलंसुद्धा. १८९७ मध्ये लग्न झालं, संसार वाढला. आज या गावी, उद्या त्या. पुण्या-मुंबईच्या साहित्यिक वर्तुळापासून ते कायम लांब राहिले.

या लांब राहण्याने त्यांचं नुकसान झालं, तसा फायदाही झाला. इंग्रजी कवींपैकी टेनिसन आणि ब्राउनिंग त्यांनी मन लावून वाचले. ब्राउनिंग एखाद्या पात्राच्या तोंडून अख्खी कविता बोलवून घेतो. तांब्यांनी ती रीत मराठीत आणली आणि तिला सूर दिला. त्यांची नाट्यगीतं ती हीच. कुणीतरी कुणाशीतरी बोलतंय आणि आपण दाराआडून ऐकतोय, असं वाटतं. त्यात भर पडली ती इथल्या हवेची. ग्वाल्हेर म्हणजे तानसेनाची समाधी, ग्वाल्हेर घराणं. तांब्यांच्या कविता कागदावर असतानाच गाणं असतात. पुढे वसंत प्रभूंच्या चालीत लताबाईंनी त्या गायल्या आणि त्या घराघरात पोहोचल्या. आमच्या आजीला कवीचं नाव माहीत नव्हतं, गाणी मात्र पाठ होती.

छापण्याची त्यांना घाई नव्हती. पहिला संग्रह आला १९२० मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तोही वा. गो. मायदेवांनी संपादित केलेला. १९३५ मध्ये माधव जूलियनांनी समग्र कविता संपादित केली. १९३७ मध्ये ग्वाल्हेर दरबारने त्यांना राजकवी केलं, आणि ७ डिसेंबर १९४१ रोजी इथेच त्यांचं निधन झालं. बा. भ. बोरकरांसारखा मोठा कवी त्यांना गुरू मानत असे.

आता त्या नवरीकडे येते. लताबाईंच्या आवाजातली तांब्यांची ती बावरलेली नववधू तुम्ही नक्की ऐकली असेल. तिचं ज्याच्यावर प्रेम आहे तोच न्यायला आलाय. पण पाऊल पुढे पडतं आणि परत मागे फिरतं. इथला लळा, बागबगीचा, मळा सुटत नाही. शेवटी ती त्यालाच विनवते, की माझी भीती आता तूच घालव आणि मला ने. वरवर पाहता हे माहेर सोडतानाचं गाणं आहे. पण ते मरणाचं गाणं म्हणूनही वाचलं जातं. नवरी म्हणजे जीव, आणि न्यायला आलेला तो म्हणजे मृत्यू, किंवा मृत्यूच्या रूपाने आलेला देव. या मुलखाला ही प्रतिमा नवी नाही, कबीराच्या निर्गुणी भजनांत डोली याच अर्थाने निघते. तांबे जिथे शिकले त्या देवासला पुढे कुमार गंधर्व राहायला आले, निर्गुणी भजनं गायले आणि तांब्यांच्या गीतांचाही कार्यक्रम त्यांनी केला. मला हा नुसता योगायोग वाटत नाही.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. सायकीला सगळ्यांनी घाबरवलंय. देववाणीने सांगितलं राक्षस आहे, बहिणींनी तेच सांगितलं. मग एका रात्री ती दिवा लावते. बघते तर राक्षस कुठला, झोपलेला प्रेमदेवच! त्याच्या बाणाचं टोक तिच्या अंगठ्याला टोचतं आणि ती त्याच्या प्रेमात पडते. म्हणजे दिवा लावेपर्यंत ती फक्त सांगितलेलं ऐकत होती. पाहिल्यावर ती प्रेम करू लागली. दिव्यातल्या तेलाचा थेंब त्याच्या खांद्यावर पडतो, तो उडून जातो, आणि त्याला परत मिळवायला ती थेट पाताळापर्यंत जाते. बरेच जण दिवा लावणं ही तिची चूक मानतात. मला ती गोष्टीतली सगळ्यात शहाणी कृती वाटते.

तांब्यांच्या नवरीला कुणी फसवलेलं नाही. येणारा प्रिय आहे हे तिला ठाऊक आहे, आणि तरीही ती घाबरते. मला हे जास्त खरं वाटतं. प्रेम आहे म्हणून भीती जात नाही. आणि भीती वाटते म्हणून प्रेम खोटं ठरत नाही.

तांब्यांनी मरणाकडे असा दिवा बऱ्याचदा नेला. आपण गेल्यावर लोक क्षणभर हळहळतील आणि कामाला लागतील, जग अडणार नाही, हे त्यांनी न रडता लिहिलं. मावळत्या सूर्यालाही त्यांनी अर्घ्य दिलं, कारण उगवत्याला सगळेच नमस्कार करतात. ज्याने आयुष्यभर दरबार जवळून पाहिले, त्याला हे कळणारच.

मी कॅथलिक घरात वाढले. ख्रिस्ताला वर आणि चर्चला वधू म्हणतात हे लहानपणापासून ऐकलंय. रोममधल्या दोमितिलाच्या भुयारी दफनभूमीत ख्रिस्ती थडग्यांच्या सोबतीला फुलं वेचणारे क्यूपिड आणि सायकी रंगवलेले आहेत, हे वाचलं तेव्हा आनंद झाला. त्या लोकांनाही आपल्या माणसांना निरोप देताना हीच जुनी नवरी आठवली असेल. अपुलेयसचा देव वेगळा, कबीराचा वेगळा, माझा वेगळा. पण उंबरठ्यावर पाय अडखळतो तो सगळ्यांचा सारखाच.

परत निघायच्या आदल्या रात्री मी ताईला तांब्यांची ती कविता वाचून दाखवली. मरणाचा अर्थ सांगितला नाही, लग्नाच्या घरात कशाला! ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली की या नवरीला निदान भीती वाटते असं म्हणता तरी येतंय, आपल्याकडे सगळे जेवणाचा मेनूच विचारतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याला फोन लावला आणि सांगितलं की मला घर दाखव, पाहुण्यांना दाखवतोस तसं नाही, सगळं, अगदी पसाऱ्यासकट. तो फोन हातात धरून खोल्याखोल्यांतून फिरला. स्वयंपाकघरातला दिवा बंद होता. ताईने तो लावायला लावला.

त्या दुपारी आम्ही पुन्हा टोपी बाजारात गेलो, आणि आईने निवडलेल्या पहिल्याच रंगाला ताई नाही म्हणाली.