अबुल कासिम अल-झहरावी : कमरेच्या दुखण्यावर डाग, ताण आणि सुरी

कंबर धरली की आपल्या घरात सल्ल्यांची रांग लागते. दादी शेक द्यायला सांगते, शेजारचे चाचा हाड बसवणाऱ्याचा पत्ता देतात, कुणी हिजामा सुचवतं, गावाहून फोन येतो की डाग देऊन घ्या. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला की मग सगळ्यांच्या डोक्यात एकच भीती, ऑपरेशनची. घाटकोपरहून अंधेरीला रोज उभ्याने जाणाऱ्या कुणालाही हे नवीन नाही. यातल्या बहुतेक उपायांवर हजार वर्षांपूर्वी एका जर्राहाने लिहून ठेवलंय. कुठे थांबायचं, तेही.

त्यांचं नाव अबुल कासिम खलफ इब्न अब्बास अल-झहरावी. स्पेनमध्ये, तेव्हाच्या अंदलुसमध्ये, कुर्तुबा शहराजवळ मदीनतुझ्झहरा हे नवं राजनगर 936 साली उभं राहू लागलं. झहरावी तिथलेच, म्हणून हे नाव. घराणं मदिनेच्या अन्सारांपैकी. त्यांच्या खासगी आयुष्याबद्दल इतिहासकारांनी फार थोडं लिहिलंय. माणूस दिसतो तो त्यांच्या ‘अत-तसरीफ’ या ग्रंथातून. सुमारे 50 वर्षांच्या अनुभवानंतर, इसवी सन 1000च्या आसपास तो पूर्ण झाला. एकूण 30 भाग, आणि शेवटचा भाग जराहतीचा, म्हणजे शस्त्रक्रियेचा. त्यात सुमारे 200 अवजारांची चित्रं आहेत. शिकणाऱ्याला अवजार कसं असतं ते डोळ्यांनी दिसावं, यासाठी.

या भागाच्या सुरुवातीलाच ते दुसऱ्यांच्या चुका सांगतात. एका अडाणी वैद्याने मानेवरची गाठ कापताना रक्तवाहिन्याच तोडल्या, रुग्ण दगावला. दुसऱ्याने म्हाताऱ्या माणसाच्या मूत्राशयातला खडा काढताना मूत्राशयाचा तुकडाही ओढून काढला, तोही गेला. शरीराची रचना नीट न शिकता सुरी धरू नये, असं त्यांचं ठाम मत होतं.

आता कंबर. पाठदुखीचा विचार करताना ते आधी कारण विचारतात. पडल्याने किंवा मार लागल्याने दुखतंय का? शरीरातून फार काही निघून गेल्याने दुखतंय का? की त्या काळच्या समजुतीप्रमाणे थंड, ओलसर दोष साठल्याने? तापलेल्या लोखंडाचा डाग ते फक्त या शेवटच्या प्रकाराला देत, तोही आधी रेचक औषध देऊन झाल्यावर. मांडीपासून पायात उतरणाऱ्या कळेलाही, जिला युनानीत इर्कुन्निसा आणि आपण सायटिका म्हणतो, त्यांनी डागच सांगितलाय. आज तो देऊ नये, हे स्पष्ट सांगायला हवं. कातडी जळते, जखम पिकते आणि आतली डिस्क तशीच राहते. पण गावोगाव जो सरसकट डाग दिला जातो, तसा तर खुद्द झहरावींनीही दिला नव्हता.

मणका मागच्या बाजूला सरकला असेल तर ते रुग्णाला पालथं झोपवायला सांगतात. छातीला आणि कमरेखाली पट्टे बांधायचे, माणसांनी दोन्हीकडून ओढायचं आणि वैद्याने तळहाताने किंवा फळीने मणका दाबायचा. आजच्या ट्रॅक्शनचा हा जुना पूर्वज. मणका पुढे, आतल्या बाजूला सरकला असेल तर मात्र हात लावायचा नाही. लहानपणापासूनचं कुबड असेल तर त्याच्याही मागे लागायचं नाही.

सर्वांत मोलाची जागा मणक्याच्या फ्रॅक्चरच्या प्रकरणात आहे. जुन्या ग्रीक वैद्यांचं वाचून ते लिहितात की अशा रुग्णाचे हातपाय तपासा. पाय लुळे पडले, संवेदना गेली आणि लघवी-शौच आपोआप व्हायला लागलं, तर जीव धोक्यात आहे. तेव्हा यावर इलाज नव्हता. आज आहे. तो वेळेत झाला पाहिजे, इतकंच.

डिस्क सरकून होणारं बहुतेक दुखणं गोळ्या, व्यायाम आणि हलतं-फिरतं राहण्याने दीड-दोन महिन्यांत बरंच उतरतं, ऑपरेशन लागत नाही. पण लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, मांड्यांमधला भाग बधिर झाला, पायातली ताकद जाऊ लागली, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं. मालिश नाही, हिजामा नाही, सोमवारची ओपीडी नाही. आपल्या घरातल्या बायका लघवीचं लाजेपोटी सांगतच नाहीत, तेव्हा अम्मीला, खालाला हे आपणच विचारावं लागतं.

1010 साली यादवी युद्धात मदीनतुझ्झहरा लुटलं गेलं, आणि 1013च्या सुमारास झहरावींचा इंतकाल झाला. बाराव्या शतकात तोलेदोमध्ये क्रेमोनाच्या जेरार्डने त्यांचा जराहतीचा भाग लॅटिनमध्ये आणला आणि युरोपचे सर्जन कित्येक पिढ्या तो वाचत राहिले. तिकडे ते अबुलकासिस झाले. इकडे युनानीच्या अभ्यासक्रमात जराहत हा विषय आजही आहे, आणि तो शिकवणारं अंजुमन-ए-इस्लामचं तिब्बिया कॉलेज आपल्या अंधेरीतच, वर्सोव्याला आहे.