सोमवारची चिकाटी : पंडिता रमाबाई



रविवारी उपासना संपते, आशीर्वचन होते आणि आपण समाधानाने घरी परततो. सोमवारी सकाळी मात्र तोच नळ, तीच चूल, तीच नोकरी आणि तीच काळजी दारात उभी असते. रविवारचा विश्वास सोमवारी टिकतो का, हा प्रश्न आम्हां इंदूरकरांना पडतो तसा सर्वच मंडळ्यांतील विश्वासणाऱ्यांना पडतो. अशा वेळी पंडिता रमाबाईंचे चरित्र डोळ्यांपुढे आणावे. त्यांच्या विद्वत्तेविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. आज त्यांच्या चिकाटीकडे पाहू या.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने रमाबाईंना शिकविले. तीर्थक्षेत्री पुराणे सांगून हे कुटुंब पोट भरीत असे. १८७४ च्या सुमारास उपासमारीने व आजाराने वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. त्या भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायी हिंदुस्थानभर हिंडल्या. झेलम नदीच्या काठी कडाक्याच्या थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून बहीणभावंडांनी वाळूत खड्डे केले आणि वाळूच अंगावर ओढून रात्र काढली.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु मानसन्मानाने दुःख थांबत नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पतीही गेले. तेविसाव्या वर्षी पदरी तान्ही मुलगी आणि वैधव्य, असा त्यांचा संसार उरला.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे अशी इच्छा होती, पण कानांनी नीट ऐकू येईना, तेव्हा ते दार बंद झाले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. येथे रविवार-शाळेच्या शिक्षकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाप्तिस्म्यानंतरही रमाबाईंचा शोध संपला नव्हता. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु खुद्द ख्रिस्त आपल्याला पुढे काही वर्षांनी भेटला, असे त्या स्वतः सांगत. देवाने त्यांना घाई केली नाही आणि त्यांनीही शोध सोडला नाही.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ मध्ये तेथे मुलींना ख्रिस्ती केले जाते असा गवगवा झाला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले, आणि पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. बाईंचे म्हणणे एवढेच होते की आपण कोणावर सक्ती करीत नाही, पण आपली प्रार्थनाही दार लावून करणार नाही. सदन अर्धे रिकामे झाले, तरी उरलेल्या मुलींचे वर्ग चालूच राहिले.

१८९६-९७ साली मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या आजच्या मध्य प्रदेशातील कित्येक जिल्ह्यांत, भीषण दुष्काळ पडला. ज्या बाईने स्वतः भूक भोगली होती तिला घरी बसवेना. त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांना ठेवण्यास मनाई झाली, तेव्हा केडगावच्या शेतावर झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. १९०० च्या गुजरात-दुष्काळानंतर तेथे सुमारे दोन हजार जणींचा संसार झाला.

दोन हजार माणसांना रोज जेवायला लागते! दळण, स्वयंपाक, शिवण, माग, शेती, विहिरी, शाळा, आजाऱ्यांची शुश्रूषा, ही कामे रोजची होती. १९०५ साली मुक्तीत झालेली जागृती सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्या जागृतीनंतरच्या सकाळीही पीठ दळावे लागलेच. रमाबाईंच्या घरी प्रार्थना आणि जाते यांचे वैर नव्हते.

याच धबडग्यात त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतले. खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीलाही कळेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र असावे, म्हणून त्या इब्री व ग्रीक भाषा शिकल्या आणि संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर करू लागल्या. हे काम पंधरा वर्षांहून अधिक काळ चालले. मुक्तीच्या मुलींनीच खिळे जुळविले व पाने छापली. आश्रमाची जबाबदारी तर होतीच, शिवाय प्रकृती खालावत होती. तशात जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. सदनाची पुढची धुरा जिच्यावर सोपवायची, ती एकुलती एक लेक चाळिसाव्या वर्षी गेली. तेव्हा रमाबाईंनी लेखणी खाली ठेवली असती तर कोणी दोष दिला नसता. पण त्या मुद्रिते तपासीत राहिल्या, शेवटचे पान पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या. छापून पूर्ण झालेला ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. तो त्यांनी पाहिला नाही.

प्रियांनो, आपल्यापैकी कोणावर दोन हजारांची जबाबदारी नाही. पण कोणाचा मुलगा बेकार आहे, कोणाच्या घरी दीर्घ आजार आहे, कोणी वर्षानुवर्षे पाच-सहा मुलांचाच वर्ग घेत आहे. फळ दिसत नाही म्हणून हात गळतात. रमाबाईंचा विश्वास दुःख टळावे म्हणून नव्हता. दुःख आले तरी सकाळी हाती असलेले काम प्रभूचे म्हणून करावे, एवढे बळ त्या रोज मागत गेल्या.

शिक्षकांनी येत्या रविवारी ही गोष्ट मुलांना सांगावी आणि प्रत्येकाला विचारावे की सोमवारी तू प्रभूसाठी कोणते एक काम नेटाने करशील? थोरांनी गलतीकरांस पत्र, अध्याय ६, वचन ९ कुटुंबात वाचावे व त्यावर विचार करावा.

आठवड्याचे ओझे वाहण्यास प्रभू आपणां सर्वांस रोजच्या रोज शक्ती देवो. आमेन.