फॅनी बर्नी

फॅनी बर्नीचा जन्म १७५२ साली इंग्लंडात किंग्ज लिन या गावी झाला. आठ वर्षांची होईपर्यंत तिला अक्षरओळखही नव्हती. पण १७७८ साली तिने ‘एव्हलिना’ ही कादंबरी स्वतःचे नाव न घालता छापली आणि तिचा मोठा बोलबाला झाला. नंतर पाच वर्षे ती शार्लट राणीच्या चाकरीत होती. १७९३ साली तिने दार्ब्ले नावाच्या फ्रेंच सेनानीशी लग्न केले. पुढे ती फ्रान्समध्ये राहावयास गेली.

१८१० च्या ऑगस्टात तिच्या स्तनात थोडे दुखू लागले. यजमान काळजीत पडले. डॉक्टरांना दाखव म्हणून मागे लागले. तिला ते पटेना. जपून राहिले, ऊब घेतली की बरे वाटेल, असे म्हणत तिने कित्येक महिने घालवले. शेवटी शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर उरले नाही.

३० सप्टेंबर १८११ रोजी नेपोलियनच्या सैन्यातील नामांकित डॉक्टर लारे यांनी पॅरिसला राहत्या घरी तिचा उजवा स्तन काढला. यजमानांना ते पाहवणार नाही म्हणून त्यांना बाहेर पाठवले होते. भुलीचे औषध तेव्हा निघालेच नव्हते. तोंडावर पातळ रुमाल टाकला होता, त्यातून तिला शस्त्र दिसत होते. सुमारे वीस मिनिटे तिने ते सोसले.

काही महिन्यांनी तिने ही सारी हकीकत थोरल्या बहिणीला, एस्थरला, लिहिली. आपल्या बहिणींनी व भाच्यांनी आपल्यासारखी चालढकल करू नये, हा त्यात हेतू होता. पुढे ती अठ्ठावीस वर्षे जगली आणि १८४० साली ८७ व्या वर्षी वारली.

तिची गाठ कॅन्सरचीच होती का, हे आज नक्की सांगता येत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ तपासण्याची सोय तेव्हा नव्हती. आज एवढे कळले आहे की बहुधा स्तनातील दुधाच्या नळ्यांतली एखादी पेशी बिघडते व आवर सुटल्यासारखी वाढू लागते. हाताला गाठ लागेपर्यंत कित्येकदा वर्षे जातात. गाठ पुष्कळदा दुखत नाही, म्हणून बाई निर्धास्त राहते. मग रोग काखेत, हाडांत, फुप्फुसांत पसरतो. वेळीच दाखवले तर पुष्कळजणी बऱ्या होतात, आणि दर वेळी सगळा स्तन काढावा लागतोच असे नाही.

माझ्या मावशीने दीड वर्ष गाठ पदराखाली लपवली. लाज वाटत होती. आम्हांला कळले तेव्हा फार उशीर झाला होता.

भगिनींनो, फॅनीने बहिणीला लिहिले, तसेच मी हे तुम्हांला लिहिले आहे. गाठ लागली, त्वचा ओढली गेली, बोंडातून रक्त आले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. एकटीला धीर होत नसेल तर मला हाक मारा, मी सोबत येईन.