संगीत नाटकाचे जनक : अण्णासाहेब किर्लोस्कर

पावसाळ्यात आपल्या चिंचोटीच्या रानात पाऊल टाकावे, तो धबधबा दृष्टीस पडण्यापूर्वी त्याचा घोष कानी येतो. कथेचेही काहीसे असेच आहे. ती बुद्धीला समजण्यापूर्वी तिच्यातील सूर अंतःकरणास भिडतो. प्राचीन ग्रीक लोकांस हे मर्म पुरते ठाऊक होते. त्यांच्या पुराणातील ऑर्फियस आपल्या वीणेने वृक्ष, पाषाण व वन्य पशू यांस मोहून टाकी. इतकेच नव्हे, तर मृत पत्नीस परत आणण्यासाठी पाताळात जाऊन त्याने तेथील राजालाही गायनाने द्रवविले. पुढे सन १६०० च्या सुमारास इटलीतील विद्वानांनी ग्रीक नाटकाचे पुनरुज्जीवन करण्याच्या हेतूने जी संगीत नाटके रचिली, त्यांत याच ऑर्फियसची कथा अग्रस्थानी होती. पुराणकथा व संगीत यांचा असाच मनोहर संगम महाराष्ट्रात ज्यांनी घडवून आणला, ते बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर होत.

त्यांचा जन्म ३१ मार्च १८४३ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हा भाग कानडी असल्यामुळे मराठीबरोबरच कानडी भाषा व तिकडील गायनाच्या चाली त्यांच्या कानांवर बालपणापासूनच पडत गेल्या. पुढे विद्याभ्यासासाठी ते पुण्यास आले. परंतु नाटकांचा छंद अनावर होऊन शिक्षण अपुरेच राहिले. वडीलधाऱ्या मंडळींस याचे किती वाईट वाटले असेल, हे आईबापांस सांगावयास नकोच. त्या काळी नाटकवाल्यांस सभ्य समाजात मान नव्हता. अण्णासाहेबांनी बेळगावास शिक्षकाचे काम केले व नंतर सरकारी नोकरीही पत्करली. पण अंतरीची ओढ काही कमी झाली नाही. पुढे नाटककार म्हणून कीर्तीस चढलेले गोविंद बल्लाळ देवल हे त्यांचे बेळगावचेच विद्यार्थी.

त्यांच्यापूर्वीही मराठी नाटके पौराणिक कथांवरच होत. विष्णुदास भावे यांनी सन १८४३ मध्ये, म्हणजे अण्णासाहेबांच्या जन्माच्याच वर्षी, सांगलीस सीतास्वयंवराचा खेळ केला होता. परंतु त्या नाटकांत पद्ये मुख्यत्वे सूत्रधार गाई व पात्रे आपली भाषणे आयत्या वेळी करीत. दुःख सीतेचे, आणि ते गाणार दुसराच! अण्णासाहेबांनी ही रीत पालटली. संवाद आधी लिहून काढले आणि पदे ज्याच्या त्याच्या मुखी घातली.

पुण्यास पारशी मंडळींचा एक संगीत खेळ पाहून त्यांच्या मनाने उचल घेतली व त्यांनी कालिदासाचे शाकुंतल मराठीत आणण्यास घेतले. त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात झाला. ओवी, साकी, दिंडी, लावणी, कानडी चाली, रागदारी अशा नाना प्रवाहांतून त्यांनी पदांसाठी चाली घेतल्या. कीर्तनास जाणारा साधा श्रोता व गायनाचा जाणकार असे दोघेही त्यामुळे एकाच मांडवात रमले.

शाकुंतलाच्याच कथेत संगीताचे सामर्थ्य दाखविणारा एक प्रसंग आहे. शापामुळे दुष्यंत शकुंतलेस विसरलेला असतो. तोच अंतःपुरातून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते आणि कारण न कळता राजा व्याकूळ होतो. स्मृतीने जे गमावले, ते सुराने जपून ठेविले होते!

सन १८८२ मध्ये अण्णासाहेबांचे सौभद्र रंगभूमीवर आले. त्रिदंडी संन्याशाचा वेष घेतलेला अर्जुन, चिंतातुर सुभद्रा, हट्टी बलराम आणि सर्व सूत्रे हसत हलविणारा कृष्ण ही पुराणातील पात्रे त्यांनी आपल्याच घरातील माणसांसारखी बोलकी केली. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर व भाऊराव कोल्हटकर यांसारखे गायक नट त्यांच्या मंडळीस लाभले.

परंतु दैवास अधिक अवधी देणे मान्य नव्हते. रामराज्यवियोग हे नाटक अपुरे असतानाच, २ नोव्हेंबर १८८५ रोजी, अवघ्या ४२ व्या वर्षी गुर्लहोसूर येथे त्यांचे निधन झाले. शाकुंतलाच्या पहिल्या प्रयोगास तेव्हा जेमतेम पाच वर्षे झाली होती. ऑर्फियसने मागे वळून पाहिले आणि हाती आलेले सर्व गमाविले, असे ग्रीक कथा सांगते. अण्णासाहेबांचे कार्य मात्र त्यांच्यामागे लोपले नाही. त्यांची मंडळी पुढे अनेक वर्षे चालली, बालगंधर्वांसारखा गायक नट सन १९०५ मध्ये तिच्यातूनच पुढे आला आणि सौभद्राचे प्रयोग आजही होतात.

विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेत मागे पडलेल्या या पुरुषाने अभ्यास सोडला होता असे समजू नका. संस्कृत नाटक, कीर्तन, लावणी व कानडी गायन यांचा त्यांनी आयुष्यभर अभ्यासच केला. आणि आईबापांनो, आपल्या मुलाच्या ओठी एखादा सूर वारंवार येत असेल, तर त्यास गप्प बसविण्यापूर्वी क्षणभर तो ऐकून तर पाहा.