रक्त वाहते ठेवणारे डॉ. गॉर्डन मरे

ओटीपोटातील कर्करोगाची गाठ कधी कधी पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीला चिकटते. अशी गाठ काढता येत नाही, असेच पूर्वी डॉक्टर सांगत. आता निवडक रोग्यांत गाठीबरोबर वाहिनीचा तो तुकडाही कापून काढतात व त्या जागी रोग्याचीच दुसरी शीर किंवा कृत्रिम नळी शिवतात. शिवेपर्यंत वाहिनी चिमट्याने बंद ठेवावी लागते आणि थांबलेले रक्त गोठते. म्हणून आधी हेपॅरिन टोचतात. शस्त्रक्रियेत हेपॅरिनची वाट पाडणाऱ्यांत कॅनडाचे डॉ. गॉर्डन मरे अग्रभागी होते.

मरे यांचा जन्म १८९४ साली ऑन्टारिओ प्रांतात शेतकऱ्याच्या घरी झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्यात होते. पुढे टोरांटो येथे ते डॉक्टर झाले, लंडनला जाऊन शस्त्रक्रिया शिकले आणि टोरांटो जनरल हॉस्पिटलात रुजू झाले.

हेपॅरिन सापडले होते १९१६ साली, बाल्टिमोर येथे, कुत्र्याच्या यकृतात. पण ते इतके अशुद्ध होते की माणसाला टोचण्याची सोय नव्हती. इन्सुलिनच्या शोधातील चार्ल्स बेस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी टोरांटोत ते शुद्ध केले. मरे यांनी आधी कुत्र्यांच्या वाहिन्या शिवून पाहिल्या. हेपॅरिन नसेल तर त्या बहुतेक बंद पडत, दिले तर बहुतेक वाहत राहत. १९३५ साली त्यांनी ते रोग्यांना देण्यास सुरुवात केली. धमनीत अडकलेली गुठळी काढायची, धमनी शिवायची आणि हेपॅरिनने ती उघडी ठेवायची, या रीतीने कापावे लागले असते असे पाय त्यांनी वाचवले.

आपल्या बेटावर डायलिसिस हा शब्द ठाऊक नाही असे घर विरळाच. उत्तर अमेरिकेत कृत्रिम मूत्रपिंड पहिल्यांदा चालवले तेही मरे यांनीच, १९४६ साली. सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवायचे, तर तेथेही हेपॅरिन हवेच. बेशुद्ध पडलेली बाई त्यामुळे शुद्धीवर आली.

पुढची हकीकत मात्र दुःखाची आहे. कर्करोगावर त्यांनी घोड्यांच्या रक्तापासून सीरम तयार केले. ते उपयोगी ठरले नाही. १९६७ साली तुटलेला मज्जारज्जू जोडून रोग्याला चालवल्याचे त्यांनी जाहीर केले. सहकाऱ्यांनी पुरावा मागितला, तेव्हा तो दावा टिकला नाही. एकट्याने काम करण्याची सवय त्यांना भोवली असे मला वाटते; हेपॅरिनच्या वेळी बेस्ट यांची प्रयोगशाळा पाठीशी होती.

मरे १९७६ साली वारले. तोवर हेपॅरिन जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत रोजच्या वापरातले झाले होते.