अक्षरे देणारा राजा

राजा सेजोंग याचा जन्म सन १३९७ मध्ये कोरिया देशात झाला. सन १४१८ मध्ये तो गादीवर बसला. तेव्हा तिथे चिनी अक्षरांत लिहीत. ती हजारो, आणि लई अवघड. गरिबाला ती शिकायला सवड नव्हती.

सन १४४३ मध्ये राजाने २८ सोपी अक्षरे तयार केली. काही पंडितांनी विरोध केला, पण राजा हटला नाही. १४४६ मध्ये त्याने ती प्रजेला दिली. १४५० मध्ये तो वारला.

मी दोन कोरियन शब्द शिकलो. मित्र भेटला की आन्न्योंग म्हणतात. म्हणजे खुशाली. हा शब्द चिनी भाषेतून आला. गोमाप्सुम्निदा म्हणजे आभारी आहे. हा त्यांचा घरचाच. दोन्ही राजाच्याच अक्षरांत लिहितात.

माझी आजी अंगठा लावते. तिला मी आपली अक्षरे शिकवणार आहे.